पाहुण्यांचं पाणी

डोळे मिटा आणि थोडा वेळ पाण्याचा थेंब व्हा. समुद्र नको, नदीही नको. पळसाच्या पानावरून घरंगळून खाली पडेल, एवढाच थेंब.

तुम्ही डोंगरावरच्या एका फार जुन्या, कणखर खडकावर पडलात. त्या खडकात युरेनियम नावाचा धातू आहे, पण इतका विरळ, की बैलगाडीभर दगड फोडला तर कशीबशी चिमूटभर हाती लागेल. तुम्ही हवेतून आलात, त्यामुळे तुमच्यात थोडी हवाही विरघळलेली आहे. अशा हवा असलेल्या पाण्यात युरेनियम हळूहळू विरघळतं. तुम्ही त्याचे चार कण पाठीवर घेतलेत आणि निघालात. उतारावरून खाली, मातीत, आणि मग मातीखालच्या वाळूच्या खडकात. हा खडक म्हणजे एके काळच्या नदीची वाळूच, वरच्या गाळाच्या ओझ्याने दबून घट्ट झालेली. तिच्या कणांमध्ये अजून बारीक फटी आहेत. त्या फटींतून तुम्ही चालता, मुंगीपेक्षाही सावकाश.

वाटेत एक झाड आडवं येतं.

जमिनीखाली झाड? हो. कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरात उन्मळून पडलेलं आणि वाळूखाली गाडलं गेलेलं. कुजता कुजता त्या झाडाने आजूबाजूची सगळी हवा संपवली आहे. तुमच्यातलीही ते ओढून घेतं. हवा गेली की युरेनियम पाण्यात विरघळून राहू शकत नाही. तुमच्या पाठीवरचं ओझं तिथेच गळून पडतं आणि तुम्ही हलके होऊन पुढे जाता. मागून दुसरा थेंब येतो, तोही ओझं टाकतो. मग तिसरा. लाखो वर्षं हे चालतं. झाडाचा दगड होतो आणि त्या दगडाभोवती युरेनियम साचत जातं.

आता डोळे उघडा. त्याच दगडी झाडाच्या बरोबर वर एक विहीर आहे आणि एक मुलगी तिच्यातून पाणी ओढते आहे.

मुलीचं नाव वेन्नेला दुर्गम. तेलुगूत वेन्नेला म्हणजे चांदणं. आपली गोष्ट आजपासून वीस-पंचवीस वर्षं पुढची आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या अगदी दक्षिणेला, प्राणहितेच्या काठी, तुमडीगुडा नावाचं एक लहान गाव आहे असं समजा. पलीकडच्या काठावर तेलंगणा दिसतो. गावातली माणसं बाजारात एक भाषा बोलतात, चुलीपाशी दुसरी, आणि भांडताना दोन्ही.

या गावात जवळजवळ प्रत्येक घरामागे विहीर होती आणि जवळजवळ प्रत्येक विहीर खारी होती. प्यायला चालायचं, पण जिभेच्या कडेला कडवट चव रेंगाळायची. डाळ दुप्पट वेळ चुलीवर ठेवली तरी दाताखाली टचटच लागायची. नळ आले, पण नळाला पाणी त्याच जमिनीतलं. गोड पाणी एकाच विहिरीला होतं. ती मल्लय्या मामाची.

मल्लय्या वेन्नेलाचा सख्खा मामा नव्हता, तो साऱ्या गावाचाच मामा होता. तरुणपणी ताडाच्या झाडावर चढून ताडी उतरवायचा. एकदा वरून पडला आणि उजवा खांदा गेला. तेव्हापासून त्याला दोर ओढता येत नसे. घरात तो एकटाच. म्हणून रोज सकाळी शाळेआधी वेन्नेला त्याचा रांजण भरून द्यायची.

"किती सावकाश ओढतेस वो पोरी," तो म्हणायचा. "तुझं पाणी वर येईपर्यंत सुकून जाईल."

"मंग तुमीच ओढा ना मामा. नाहीतर मोटर बसवा."

"मोटर बसवली तर माझ्या दारात कोण येईल? पाईपाला काय राम राम घालू मी?"

विहिरीशेजारी एक लांबोडका दगड आडवा पडला होता. मल्लय्याच्या बापाने विहीर खोदली तेव्हा तो खालून निघाला. दगडच, पण त्याच्यावर सालीच्या रेघा होत्या आणि तुटलेल्या टोकाला झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळं. म्हातारे त्याला राक्षसाचं हाड म्हणत. मल्लय्या त्याच्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असे.

आणि येणारे पुष्कळ असत. त्याचं कारण गावची एक रीत होती. घरची माणसं घरचं खारं पाणी प्यायची, पण पाहुण्याला खारं पाणी द्यायचं नाही. त्यासाठी प्रत्येक घरात एक वेगळी पितळेची कळशी असायची, चिंच लावून लखलखीत घासलेली. ती मल्लय्याच्या विहिरीवरून भरून आणायची आणि पाहुणा आला तरच तिला हात लावायचा. सोयरीक जुळवताना लोक घरदार नंतर विचारायचे. आधी पाणी पिऊन बघायचे. "खारं पाणी पाजणारं घर," असं एखाद्या घराबद्दल कोणी म्हटलं, की त्या घराची चार वर्षांची अब्रू गेली.

एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच कळशीतून निघालं.

*

वेन्नेलाची सख्खी मावशी, शैलजा, भूगर्भशास्त्रज्ञ होती. ती सिरोंच्यात वाढली, नागपूरला शिकली आणि एका खनिजशोध संस्थेत लागली. त्या काळी कोळसा जाळणं हळूहळू बंद होत चाललं होतं. विजेसाठी छोट्या छोट्या अणुभट्ट्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना युरेनियम हवं होतं. प्राणहितेचं हे खोरं म्हणजे गाळाच्या खडकांचे थरावर थर, त्यात गाडलेली जुनी झाडं. शोधायचं तर इथेच शोधावं, असं जाणकारांचं मत होतं.

पूर्वी शोध म्हणजे जमिनीला शेकडो भोकं पाडायची, प्रत्येक भोकातून खडकाची कांडी बाहेर काढायची आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जायचं. शैलजा आणि तिच्या सोबत्यांनी कितीतरी वर्षं खपून वेगळंच यंत्र तयार केलं होतं. त्याचं नाव मागोवा.

मागोवाचं काम समजायला सोपं आहे. कोणी पाहुणा दारात आला, की त्याच्या चपलेला लागलेल्या मातीवरून तो कुठल्या वाटेने आला ते सांगता येतं. काळी माती म्हणजे शेतातून, वाळू म्हणजे नदीवरून. पाणीही असंच आपली वाट अंगावर घेऊन येतं. इथे उपयोगी पडणारे युरेनियमचे अणू दोन प्रकारचे, एक किंचित जड आणि एक किंचित हलका. पाण्यात ते किती प्रमाणात आहेत, त्यांच्यापासून तयार होणारे रेडॉन आणि हेलियम हे वायू किती आहेत, यावरून पाणी कुठल्या खडकातून आणि किती काळ चालत आलं ते कळतं. एका विहिरीच्या पाण्यावरून एक वाट दिसते. गावभरच्या विहिरींचं पाणी दिलं, की मागोवा त्या सगळ्या वाटा जोडून जमिनीच्या पोटातलं चित्र काढायचा. कुदळीचा एक घाव न घालता.

यंत्र इतकं हुशार होतं, की माणसांना फारसं काही करायला उरलं नव्हतं. गावात आदल्या दिवशी रिकाम्या बाटल्या वाटायच्या. प्रत्येक घराने आपल्या विहिरीचं पाणी त्यात भरून दाराशी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी गाडीने दारोदार जायचं, बाटलीवरची खूण मोबाइलने टिपायची आणि बाटली उचलायची. संध्याकाळपर्यंत गाव संपलं.

तुमडीगुड्यातही तसंच झालं. शैलजा बाटल्या वाटायला आली तेव्हा बहिणीच्या, म्हणजे वेन्नेलाच्या आईच्या, घरी जेवली.

"घरामागच्या विहिरीचं पाणी हं पद्मक्का," ती म्हणाली. "दुसरं नको."

"समजते मले. शिकलेली नसली तरी बहिरी नाही मी," पद्मा म्हणाली. "साहेब लोक पितील का ते?"

"कोणी पिणार नाही गं. यंत्रात जाईल."

"यंत्रात जाईल, पण बाटली कोणाच्या घरची ते लिहिलेलं राहीलच ना वर?"

"राहील की."

पद्माने भाजीचं भांडं पुढे ओढलं. तिने बहिणीला अजून थोडी आंबाडीची भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेन्नेला नेहमीप्रमाणे मल्लय्याच्या विहिरीवर होती. त्या दिवशी तिचे हात भरून आले. आधी रेशन दुकानवाली नरसूबाई कळशी घेऊन आली. मग शेजारचे, मग वरच्या आळीतले, मग एकामागून एक सगळेच. कळशी भरायला येणं हे रोजचंच, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. पण प्रत्येक कळशीच्या आत, पदराखाली किंवा पिशवीत एक रिकामी बाटली होती. वेन्नेला पाणी ओढत होती आणि बाटल्या तिच्या डोळ्यांसमोर भरल्या जात होत्या. शेवटी तिची आई आली. तिनेही बाटली भरली.

"आई, ती तर आपल्या विहिरीची..."

"चूप राय," पद्मा हळूच म्हणाली. "आपल्या एका बाटलीनं काय होते? दुर्गमाच्या घरचं पाणी खारं, असं मोठ्या साहेबाच्या कागदावर जाऊ देऊ का मी? तुझी मावशी त्या लोकांत बसते-उठते."

कोणाचाच हेतू वाईट नव्हता. प्रत्येक घराला वाटलं, की फसवणूक एवढी आपलीच. बाकीच्यांनी खरं पाणी दिलं असेल, मग आपल्या एका बाटलीने काय बिघडतं? सगळ्या बाटल्या एकाच बादलीतून भरल्या गेल्या, हे फक्त बादली ओढणाऱ्या मुलीने पाहिलं होतं. आणि तिलाही त्या दिवशी हात दुखण्यापलीकडे त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

पंधरवड्याने शैलजा परत आली ती जवळजवळ धावतच. तिने वेन्नेलाला शेजारी बसवून पडदा उघडला. जमिनीच्या आतलं चित्र होतं ते. निळे, करडे थर, आणि त्यांच्या मधोमध, तुमडीगुड्याच्या बरोबर खाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेली लाल चादर.

"हे सगळं युरेनियम?" वेन्नेलाने विचारलं.

"युरेनियम असलेला खडक. सबंध गावाखाली. एवढी सलग चादर या खोऱ्यात अजून कोणाला मिळालेली नाही, वेन्नी. आणि ती मागोवानं काढलीय. पाण्यावरून." शैलजाचे डोळे चमकत होते. "लोक हसायचे मला. बाटल्या गोळा करणारी बाई म्हणायचे."

मग तिचा आवाज थोडा उतरला. "एक वाईट बातमी पण आहे. एवढं युरेनियम पाण्यात असलं तर ते पिणं बरं नाही. लगेच काही होत नाही, पण वर्षानुवर्षं प्यायलं तर मूत्रपिंडं खराब होतात, पाय सुजतात. इथली एकही विहीर चांगली निघाली नाही. सगळ्या बंद कराव्या लागतील."

"मंग पाणी?"

"तोपर्यंत टँकर. पुढे गावच हलवतील, हमरस्त्याकडे. पक्की घरं देतील."

वेन्नेलाने पडद्याकडे पाहिलं. चित्राखाली प्रत्येक घराच्या नावाने एकेक वेडीवाकडी रेघ होती, पाण्याच्या ठशाची. तिने स्वतःच्या घराची रेघ शोधली. मग नरसूबाईची. मग मल्लय्या मामाची.

"मावशी, या सगळ्या सारख्याच आहेत."

"तीच तर गंमत आहे. एका चादरीवरून आलेलं पाणी ना, म्हणून ठसाही एक."

"थोडाबी फरक नाही?"

"अगदी थोडा असायला हवा होता खरं तर," शैलजा म्हणाली, आणि क्षणभर तिच्या कपाळावर आठी आली. मग ती पुसली गेली. "पण मागोवाला हा ठसा पक्का वाटतोय. त्याच्यापेक्षा मी शहाणी थोडीच?"

वेन्नेलाला विहिरीवरच्या त्या बाटल्या आठवल्या. यंत्राला फरक कुठून दिसणार? त्याला सगळ्या घरांच्या नावाने एकच पाहुणा भेटला होता.

घरी जाऊन तिने आईला सांगितलं. पद्मा भाकरी थापत होती, तिचे हात थांबले.

"सगळ्यांनी? नरसूबाईनंबी?"

"सगळ्यांनी. मीच ओढलं ना पाणी."

पद्माने करपलेली भाकरी तव्यावरून काढली. "आता बोलून काय उपयोग," ती म्हणाली. "शैलूचं नाव झालं आहे. उद्या मोठे साहेब येत आहेत सभेला. सगळ्यांसमोर बहिणीचं तोंड काळं करू? आन् नरसूबाई कबूल होईल, असं वाटते तुले? सगळे मलेच खोटं पाडतील."

"पण आपल्याले गाव सोडावं लागेल आई."

"पक्कं घर मिळते म्हणतात," पद्मा म्हणाली, पण तिच्या आवाजात पक्कं काहीच नव्हतं.

वेन्नेला मल्लय्याकडे गेली. तो दगडी झाडावर बसून दोराची गाठ सैल करत होता.

"मामा, गाव उठलं तर तुमी कुठं जाल?"

"कायले जाईन? विहीर का खांद्यावर घेऊन जाता येते? तोबी एकच खांदा." तो हसला. "लोकं जातील. दोन दिवस खारं पाणी पाजतील पाहुण्यांले, मंग येतील परत कळशी घेऊन."

मावशीचं सगळं बोलणं वेन्नेलाच्या डोक्यात फिरत होतं. सगळ्या बाटल्या याच विहिरीतल्या, म्हणजे ते युरेनियम याच विहिरीत. खरं सांगितलं तर गाव कदाचित वाचेल, पण विष एकट्या मल्लय्या मामाच्या पाण्यात निघेल. ज्या पाण्याने या माणसाचं दार कायम उघडं ठेवलं, त्याच पाण्यात. आणि नाही सांगितलं, तर गावातल्या न तपासलेल्या विहिरींवरही झाकणं बसतील आणि कोणी कधी विचारणारही नाही.

"मामा, तुमचे पाय सुजले आहेत," ती म्हणाली.

"वय झालं वो पोरी. आता काय सडपातळ होऊन नाचू?"

*

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पडवीत सभा भरली. संस्थेचे प्रमुख, खांडवे साहेब, सौम्य बोलण्याचे गृहस्थ होते. त्यांनी लाल चादर सगळ्यांना दाखवली, शैलजाचं कौतुक केलं, विहिरी का बंद कराव्या लागतील तेही नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "कोणाला काही विचारायचं आहे? मनात ठेवू नका."

नरसूबाई नखं बघत होती. पद्माने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. मल्लय्या खांबाला टेकून बसला होता, आपल्याला यातलं काय कळतं अशा चेहऱ्याने.

वेन्नेला उठली आणि बाहेर गेली. लहान मूल कंटाळलं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

ती घरी गेली, मागच्या विहिरीत बादली सोडली, पाणी काढलं. फडताळातून पाहुण्यांचा पितळेचा पेला घेतला आणि तो त्या पाण्याने काठोकाठ भरला. सांडू नये म्हणून हळूहळू चालत ती परत आली. माणसांमधून वाट काढत थेट मावशीपुढे गेली आणि पेला तिच्यासमोर धरला.

"काय गं?" शैलजा म्हणाली.

"आमच्या विहिरीचं पाणी. पिऊन बघ."

"अगं, पण विहिरीचं पाणी आता..."

"एक घोट, मावशी."

पडवीतल्या बायकांना तो पेला ओळखता आला. त्यातलं पाणी कुठलं हेही कळलं, कारण मुलीने ते सगळ्यांदेखत सांगितलं होतं. पाहुणीला, भरसभेत, खारं पाणी. एक म्हातारी तोंडाला पदर लावून "अगाई" म्हणाली.

शैलजाने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घोट घेतला. तिचं तोंड वाकडं झालं. लहानपणी सुट्टीत इथे आली की बहिणीकडे तिला नेहमी गोडच पाणी मिळायचं. पाहुणीच होती ना ती. मग तिने पेला खाली ठेवला. यंत्रात गेलेल्या एकाही बाटलीत मिठाचा हा अंश नव्हता. पुढचं कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

"पद्मक्का," ती हळू आवाजात म्हणाली, "बाटलीत कुठलं पाणी होतं?"

पद्मा उभी राहिली. "मल्लय्याच्या विहिरीचं. खारं कसं देणार होती मी तुमाले?"

मग नरसूबाई खाली मान घालून पुटपुटली, "आमचीबी बाटली तिथलीच."

"तुमचीबी?" मागून कोणीतरी म्हणालं. "आन् मी समजत होतो, आमची एकट्याचीच."

"आमचीबी."

"आमचीबी जी."

एकमेकांकडे बघत लोक हसू लागले, ओशाळं, हलकं हसू. मल्लय्याही हसला. "माझं पाणी गोड हाये जी," तो खांडवे साहेबांना म्हणाला. "नेतातच सगळे."

आणि बोलता बोलता त्याने पडद्यावरच्या लाल रंगाकडे पाहिलं. त्याचं हसू तिथेच थांबलं. वेन्नेलाने मान वळवली. तिला ते बघवलं नाही.

*

शैलजाने त्या दिवशी गाडी सोडून दिली. ती पायी प्रत्येक घरामागे गेली, स्वतः दोर ओढला, स्वतः बाटली भरली. तिला सवय नव्हती, तळहात सोलवटून निघाले. पद्मा तिच्याबरोबर चालत होती.

या वेळी पाणी रातोरात तपासून घेतलं. नव्या चित्रात लाल चादर नव्हती. मल्लय्याच्या विहिरीच्या तळाशी एक छोटा लाल ठिपका होता, चार-दोन गाडलेल्या झाडांएवढा. खाण काढण्याजोगं तिथे काही नव्हतं. बाकीच्या सगळ्या विहिरी खाऱ्या होत्या, पण युरेनियमच्या बाबतीत स्वच्छ.

"पण असं कसं?" वेन्नेलाने विचारलं. त्या दोघी शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. "गोडच पाणी वाईट आन् खारं चांगलं?"

शैलजा सांगू लागली. "तुमच्या विहिरींचं पाणी जमिनीत फार जुनं आहे. एका जागी थांबलेलं. म्हणून त्यात मीठ उतरलंय, आणि हवा संपलीय. मामाच्या विहिरीला मात्र नदीकडून वाळूतून झरा आहे. रोज ताजं पाणी येतं, म्हणून ते गोड. पण ताज्या पाण्यात हवा असते. झाडांनी लाखो वर्षं धरून ठेवलेलं युरेनियम ती हवा परत विरघळवते. ज्या कारणानं पाणी गोड, त्याच कारणानं वाईट."

"तू रागावली का माझ्यावर?"

शैलजा तळहातावरच्या फोडांकडे पाहत होती. "काल रागावले होते. सगळ्यांसमोर खारं पाणी पाजलंस मला." ती किंचित हसली आणि मग गंभीर झाली. "रेघा सारख्या आहेत, हे तू पाहिलंस तेव्हा मीही पाहिलं होतं. मला ते नको होतं, म्हणून मी यंत्राला विचारलं आणि स्वतःला विचारलं नाही. आता मागोवाला परत पहिल्या पायरीवर नेतील. कदाचित माझ्याकडून काढूनही घेतील."

"मंग तू काय करशील?"

"कामावर राहिले तर दोर ओढेन. बाटल्या वाटत फिरणार नाही." ती उठली. "मामाला उद्या सिरोंच्याला दवाखान्यात न्यायचं आहे. रक्त तपासायला. त्याला तयार कर, तुझं ऐकेल."

त्या संध्याकाळी विहिरीवर लोखंडी जाळी बसली आणि तिच्यावर लाल पट्टा मारला गेला. मल्लय्याचा रांजण शैलजाने स्वतः उपडा केला. मल्लय्याने दोर गुंडाळून खुंटीला अडकवून ठेवला.

सकाळी वेन्नेला उठली तेव्हा सवयीने तिचे पाय तिकडेच वळले. दुरूनच ती थांबली. मल्लय्या दगडी झाडावर बसला होता. त्या वाटेवर कोणी नव्हतं. लोकांचा त्याच्यावर राग नव्हता, उलट सगळ्यांना चुटपुट लागली होती. पण त्याच्याकडे जायचं ते कळशी घेऊन, एवढंच गावाला माहीत होतं. रिकाम्या हातांनी जाऊन काय बोलायचं, हे कोणाला सुचत नव्हतं.

आणि वेन्नेलाच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. या गावातल्या प्रत्येक घराने मामाचं पाणी नेलं होतं. मामाला मात्र कोणी आपल्या घरचं पाणी कधी दिलंच नव्हतं. गोड विहिरीच्या धन्याला खारं पाणी कोण देणार?

ती माघारी वळली. मागच्या अंगणात जाऊन तिने पाहुण्यांची कळशी चिंच लावून घासली, आतून-बाहेरून, चेहरा दिसेपर्यंत. मग घरच्या विहिरीत बादली सोडली आणि कळशी भरली. दारात पद्मा उभी होती. तिने कळशीकडे पाहिलं, आत गेली आणि पितळेचा पेला आणून मुलीच्या हातात दिला.

वेन्नेला कळशी कमरेवर घेऊन भर रस्त्याने निघाली. नरसूबाई दुकानाच्या दारातून बघत राहिली.

मल्लय्याने मान वर केली. "विहीर बंद हाये वो पोरी," तो म्हणाला. "कळशी कायले आणली?"

तिने कळशी दगडी झाडावर टेकवली, पेला भरला आणि दोन्ही हातांनी, पाहुण्याला देतात तसा, त्याच्यापुढे धरला.

"खारं हाये मामा," ती म्हणाली.